पाच चमच्यांवर मिळून एक नाव

डबा मूळचा बिस्किटांचा. पत्र्याचा, झाकणावरचं चित्र केव्हाच उडालेलं. शेजारच्या आजींनी तो माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला, खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही चांदीच्या गावचे ना? मग बघा आणि सांगा."

मी हुपरीचा. कोल्हापूरजवळचं पैंजणांचं गाव. आता बॉस्टनच्या उत्तरेला एका लहान गावात राहतो आणि पोटापाण्याचं काम संगणकावर करतो. गप्पांत कधीतरी आप्पांच्या मुशीचा न् ऐरणीचा विषय निघाला होता, तो या बाईंनी लक्षात ठेवलेला. (समोर मी त्यांना नावानंच हाक मारतो, इथली रीत तशी. पण ऐंशी उलटलेल्या बाईंना मराठीत आजींखेरीज काय म्हणायचं?)

डब्यात फ्लॅनेलच्या जुन्या कापडात गुंडाळलेले दहा चमचे होते आणि एक कार्ड. कार्डावर निळ्या शाईत, त्यांच्या आजीच्या अक्षरात एवढंच: "पॉल रिव्हिअर चमचे. विकायचे नाहीत." (रिव्हिअर म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात नाव झालेला बॉस्टनचा सोनार.) विम्याच्या यादीसाठी त्यांना तीन गोष्टी हव्या होत्या. चमचे कुणी घडवले, कधी घडवले आणि रिव्हिअरची गोष्ट खरी की खोटी. जुन्या वस्तूंच्या बाजारातल्या कुणीतरी त्यांना परस्पर सांगून ठेवलं होतं की यातला एक इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा आहे. तेही तपासायचं होतं.

रात्री आप्पांना फोन लावला. चमच्यांच्या पाठीवर काय काय लिहिलंय ते मी मोठ्या उत्साहानं वाचायला लागलो, तर ते म्हणाले, "छाप काय, कुणीबी मारतंय. आधी तराजूवर ठेव. मग घडण बघ. छाप शेवटाला."

आप्पांनी अमेरिकन चांदी आयुष्यात पाहिलेली नाही. तरी या प्रकरणात त्यांचंच म्हणणं खरं ठरलं, आणि ते न ऐकल्यामुळे माझे पहिले आठ दिवस वाया गेले.

ठसा म्हणजे कुणाचा शब्द?

इंग्रजी चांदीची सवय असलेला माणूस अमेरिकन चमचा हातात घेऊन चुकतो, त्याचं कारण साधं आहे. इंग्लंडमध्ये चांदी तपासून तिच्यावर ठसा मारणं हे शतकानुशतकं सरकारमान्य संस्थेचं काम होतं. चालता सिंह म्हणजे टंच ९२५ (हजार भागांत ९२५ भाग चांदी), शहराची खूण वेगळी, वर्षाचं अक्षर वेगळं, आणि १७८४ ते १८९० या काळात कर भरल्याची खूण म्हणून राजाराणीचं मस्तकही. चार ठसे वाचले की गाव आणि साल हातात. आपल्याकडे २०२१ पासून सोन्यावर हॉलमार्क सक्तीचा झाला, त्यामागचा विचार हाच.

अमेरिकेत असं देशव्यापी काही कधी नव्हतंच. बाल्टिमोर हा ठळक अपवाद. तिथे १८१४ च्या कायद्यानं तपासनीस नेमला होता आणि बारा औंसांत अकरा औंस शुद्ध चांदी असल्याशिवाय तो ठसा मारत नसे. १८३० मध्ये ती सक्तीही संपली. बाकी सगळीकडे सोनार आपलं नाव मारायचा. ते नाव हीच हमी, आणि हमी मोडली तर गिऱ्हाईक जाऊन भांडणार ते त्याच्याच दाराशी.

चांदी यायची नाण्यांमधून. बँका दूर, भरवसा कमी, तेव्हा साठलेले डॉलर घेऊन लोक सोनाराकडे जायचे आणि त्याचे चमचे करून घ्यायचे. स्पॅनिश डॉलर तर १८५७ पर्यंत अमेरिकेत कायदेशीर चलन होते. नाण्यांचं ओळखपत्र नसतं, पण चमच्यावर आद्याक्षरं कोरलेली असली की चोरीला गेल्यावर वर्तमानपत्रात जाहिरात देऊन माग काढता येतो. आपल्याकडच्या बायकांनी चांदीचे रुपये मोडून दागिने केले, तोच हिशेब. १८३५ नंतरचा कंपनीचा रुपया वजनाला बरोबर एक तोळा आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. बाल्टिमोरच्या तपासनिसाचा टंच आणि आपल्या रुपयाचा टंच एकच निघाला तेव्हा मी एकटाच हसलो.

अमेरिकन नाण्यांचा टंच आधी ८९२ च्या आसपास होता, १८३७ च्या कायद्यानं तो ९०० झाला. म्हणून त्या काळच्या चमच्यांवर 'कॉइन', 'प्युअर कॉइन', 'डॉलर' असे शब्द दिसतात. अर्थ एवढाच की नाण्याच्या तोडीची चांदी. पुढे चांदीच्या बड्या कंपन्यांपैकी टिफनीनं १८५१ च्या सुमारास आणि गोरहॅमनं १८६८ मध्ये ९२५ चा टंच धरला, आणि 'स्टर्लिंग' हा शब्द रुळला. या शब्दांवर संघराज्याचा कायदा आला तो थेट १९०६ मध्ये. त्याआधीचा प्रत्येक ठसा म्हणजे दुकानदाराचा शब्द. त्याची किंमत दुकानदाराइतकीच.

आधी चार बाजूला

दहांपैकी चार चमचे एका संध्याकाळीच निकालात निघाले.

पहिल्यावर '१८४७ रॉजर्स ब्रदर्स' असं होतं. आजींना वाटत होतं हाच सगळ्यात जुना, साल तर लिहिलंय. पण वाटीच्या तळाशी, जिथे चमचा टेबलाला टेकतो तिथे, आतला पिवळट धातू डोकावत होता. पाणी चढवलेला चमचा. हार्टफर्डच्या रॉजर्स बंधूंनी १८४७ मध्ये विजेच्या मुलाम्याचा धंदा सुरू केला आणि पुढे ते साल नावाचाच भाग होऊन बसलं, विसाव्या शतकातल्या चमच्यांवरसुद्धा. दुकानाच्या पाटीवर 'स्थापना १८४७' लिहिलेलं असतं म्हणून आतली साखर १८४७ ची नसते.

दुसरा तो 'बर्मिंगहॅमचा'. पाठीवर सिंह, नांगर आणि जुन्या वळणाचं जी अक्षर. बर्मिंगहॅमच्या तपासणी कार्यालयाची खूण १७७३ पासून नांगर आहे, हे खरं. पण इंग्रजी सिंह डावीकडे चालतो, हा उजवीकडे तोंड करून होता. शेजारी 'स्टर्लिंग' हा शब्दही. इंग्रजी तपासणी कार्यालय सिंह मारतं, शब्द मारत नाही. हा गोरहॅमचा ठसा. कंपनी ऱ्होड आयलंड राज्यातल्या प्रॉव्हिडन्सची, सुरुवात १८३१ ची, आणि नांगर हे त्या राज्याचंच चिन्ह. इंग्रजी ठशांसारखी दिसणारी अशी चिन्हं अमेरिकन सोनारांनी भरपूर वापरली: गरुड, तारा, मस्तक, सिंह. गिऱ्हाइकाला विलायती मालाचा भास व्हावा हा हेतू उघड आहे. गोरहॅमच्या बाबतीत ते चिन्ह पुढे स्वतःच्या जोरावर नावाजलं. चमच्यावरची नक्षी 'शांतिली' नावाची होती, १८९५ मध्ये विल्यम कॉडमननं गोरहॅमसाठी काढलेली. तेव्हा चमचा त्यानंतरचा.

उरलेले दोन सारखेच. साधी, गोलसर टोकाची दांडी, पाठीवर 'स्टर्लिंग' आणि वळणदार टी अक्षराला बिलगलेला सिंह. हा टोल कंपनीचा ठसा, मॅसॅच्युसेट्समधल्याच न्यूबरीपोर्टचा. नक्षीचं नाव शोधायला बसलो आणि थांबलोच. टोलनं १९०६ मध्ये काढलेल्या त्या नमुन्याचं नाव 'पॉल रिव्हिअर'.

म्हणजे कार्डावरची ओळ खोटी नव्हती. आजींच्या आजीनं नमुन्याचं नाव लिहिलं होतं, आपण 'कोल्हापुरी साज' म्हणतो तसं. दोन पिढ्यांनी ते माणसाचं नाव म्हणून वाचलं. बॉस्टनमध्ये तसं वाचलं जाणं सोपंच आहे. १७३४ चा जन्म, १८१८ चा मृत्यू, स्वातंत्र्ययुद्धात इंग्रज फौज येतेय हे सांगायला केलेली ती रात्रीची घोडदौड. १८६१ साली छापून आलेल्या एका कवितेनं त्या घोडदौडीला घराघरात पोचवलं आणि तेव्हापासून इथल्या प्रत्येक माळ्यावर रिव्हिअरचा एक चमचा असतो. खऱ्या रिव्हिअरचे ठसे चौकोनातलं आडनाव किंवा वळणदार अक्षरांतली आद्याक्षरं असे आहेत, आणि ते इतक्या वेळा खोटे पाडले गेलेत की ते दिसल्यावर आनंद व्हायच्या आधी शंका यायला हवी. खरा जुना चमचा, पण त्यावर ठसा नंतर मारलेला, हा प्रकार सर्वांत फसवा. तिथे टंच लावून काही कळत नाही, चांदी त्याच काळाची असते. बघायचं ते एवढंच: दीडशे-दोनशे वर्षांच्या हाताळणीनं वाटीची कड झिजली आहे आणि ठशाच्या कडा मात्र काल मारल्यासारख्या धारदार, असं तर नाही ना?

सहा

आता राहिले सहा चहाचे चमचे. हेच खरं प्रकरण.

सहाही एकाच घडणीचे दिसत होते. दांडी टोकाकडे व्हायोलिनच्या अंगासारखी फुगलेली, खांद्यापाशी चिंचोळी, टोक किंचित खाली वळलेलं. दर्शनी बाजूला वळणदार अक्षरांत 'ई. ए. एच.' अशी आद्याक्षरं. पाठीवर ठसा, पण घासून घासून गुळगुळीत झालेला.

मी काय केलं, तर सरळ भिंग घेऊन पहिल्या चमच्याच्या ठशाला भिडलो. मधे 'बॉल' एवढं वाचता आलं, मागेपुढे काहीतरी होतं. अमेरिकन ठशांच्या यादीत शोधलं, न्यूयॉर्कची 'बॉल, ब्लॅक अँड कंपनी' सापडली. १८५१ ते १८७४, मोठी पेढी, आधीचं नाव 'बॉल, टॉम्पकिन्स अँड ब्लॅक'. मी खूश. आजींना तसं सांगूनही टाकलं. मग आठ दिवस या चमच्यांचा न्यूयॉर्कशी संबंध कसा आला असेल याच्या गोष्टी रचत बसलो, आणि आजींनी मला त्यांच्या पणजीच्या एका न्यूयॉर्क प्रवासाची हकीकतही सांगितली. गोष्ट मिळाली की माणूस ठसा वाचायचं सोडतो.

चूक उघडी पडली ती साध्या दिव्यानं. खोलीतला दिवा बंद केला, मोबाइलची बॅटरी चमच्याच्या पातळीला आडवी धरली आणि चमचा हळूहळू फिरवला. आडव्या उजेडात झिजलेल्या अक्षरांच्या कडाही बारीक सावली टाकतात. 'बॉल'च्या आधी एक शेपूट दिसली, एस अक्षराची असावी तशी, आणि 'बॉल'च्या लगेच पुढे 'अँड'चं गुंतवळ्यासारखं चिन्ह. न्यूयॉर्कच्या ठशात 'बॉल' हा पहिला शब्द असतो, आणि 'अँड' येतं ते 'ब्लॅक'च्या पुढे. हा ठसा त्यांचा असूच शकत नव्हता.

तेव्हा कुठे आप्पांचं ऐकलं. चमचे एकेक करून तराजूवर ठेवले. पाच भरले सतरा आणि अठरा ग्रॅमच्या मधे, म्हणजे दीड तोळ्याच्या आसपास. सहावा एकवीस. एकाच जोडीतला एक चमचा तीन ग्रॅम जास्त? झीज म्हणावी तर पाचांनाच कशी? सहावा वेगळा ठेवला.

मग घडण. व्हायोलिनसारखी दांडी इथे १८१० च्या दशकापासून दिसते आणि १८६० च्या दशकापर्यंत चालते. त्याआधीच्या पिढीत दांडीचं टोक शवपेटीच्या टोकासारखं कापलेलं असायचं, त्याही आधी गोल टोक आणि त्यावर चकचकीत कापाची नाजूक कोरणी. १८२० न् ३० च्या दशकांत दांडीवर फुलांची परडी किंवा गव्हाची पेंढी उठवायची हौस होती, ती या चमच्यांवर नव्हती. तेव्हा साधारण १८३५ ते १८६५ हा पट्टा ठसा न वाचताच हातात आला. रिव्हिअर या पट्ट्याच्या कितीतरी आधी गेलेला. आप्पांचा क्रम पाळला असता तर पहिल्याच संध्याकाळी इथवर आलो असतो.

(आद्याक्षरं कुठे कोरली आहेत तेही बघण्यासारखं असतं. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत दांडीचं टोक वर वळलेलं असे आणि चमचे टेबलावर पालथे मांडत, म्हणून अक्षरं पाठीवर. टोक खाली वळायला लागलं तशी अक्षरं पुढच्या बाजूला आली.)

ठसा वाचायला जे केलं ते सविस्तर सांगतो, कारण उपयोगी पडेल. चमचे अजिबात घासले नाहीत. आपल्याकडे चांदी काळी पडली की रांगोळी, विभूती, दंतमंजन, जे हाताशी असेल ते लावून घासतात. पण दर दिवाळीला घासलेल्या भांड्यावरचं नाव पुढे कुणाला वाचता येत नाही. ठशातला काळेपणा तर मदतच करतो, खोलगट भागात तो टिकतो आणि अक्षर उठून दिसतं. त्यानंतर टाल्कम पावडर चिमूटभर टाकून बोटानं अलगद पुसली, म्हणजे उरलेले खळगे पांढरे झाले. आणि प्रत्येक ठशाचे चार बाजूंनी उजेड टाकून चार फोटो घेतले, शेजारी मोजपट्टी ठेवून.

पाच चमचे, वीस फोटो. एकाही चमच्यावर अख्खं नाव नाही. पण पाचही सारख्या ठिकाणी झिजलेले नव्हते. एकावर सुरुवातीचं 'जोन्स' बऱ्यापैकी शाबूत. दुसऱ्यावर ठसा दोनदा बसलेला, सोनाराचा हात हलला असावा, त्यामुळे 'बॉल' जुळं दिसतं. तिसऱ्यावर मधला भाग. चौथ्यावर शेवट, त्यात दोन गोल अक्षरं शेजारी शेजारी. पाचवा जवळजवळ कोरा, फक्त एल अक्षराचा पाय.

तो पाय मोलाचा ठरला. जिथे जिथे तो दिसत होता तिथे त्याचा कोपरा तुटलेला होता, दरवेळी तसाच. म्हणजे पाचही ठसे एकाच पंचाचे, ठसा मारायच्या एकाच हत्याराचे, आणि पंचाचा तो टवका उडालेला. हुपरीत कुणाचा पंच कुठे तुटलाय हे कारागिरांना पाठ असतं. माल बघून सांगतात कुणाच्या घरून आला. पंच एकच म्हटल्यावर पाच फोटो एका मापात आणून संगणकावर एकमेकांवर ठेवायला हरकत नव्हती. नाव जुळलं: जोन्स, बॉल अँड... आणि पुढे एक शब्द.

शेवटचा शब्द कोणता यावर सगळं अडलं होतं. बॉस्टनमध्ये ही एकच पेढी भागीदार बदलतील तशी नाव बदलत गेली. १८४६ मध्ये 'जोन्स, बॉल अँड पूअर'. १८५२ च्या सुमारास 'जोन्स, बॉल अँड कंपनी'. १८६० मध्ये 'श्रीव्ह, स्टॅनवुड अँड कंपनी'. १८६९ मध्ये 'श्रीव्ह, क्रंप अँड लो', आणि याच नावानं ती पुढे प्रसिद्ध झाली. अशी नावांची साखळी ही अमेरिकन चांदीतली वर्षाची अक्षरं समजावीत. सरकारनं साल मारलं नाही, पण भागीदारांच्या भांडणांनी आणि मरणांनी मारलं.

'कंपनी' इंग्रजीत दोन अक्षरांत मारत, 'पूअर'ला चार लागतात. 'अँड'च्या चिन्हापासून ठशाच्या शेवटापर्यंतची जागा मोजली. 'बॉल'ची चार अक्षरं जितकी जागा घेत होती साधारण तितकीच तिथे होती. शिवाय ती दोन गोल अक्षरं शेजारी शेजारी, म्हणजे दोन ओ, आणि त्यांच्या आधी उभी रेघ. पूअर. जवळच वेगळ्या पंचानं मारलेलं 'प्युअर कॉइन' आडव्या उजेडात तीन चमच्यांवर दिसलं, आणि असं लिहायची पद्धत बॉस्टनकडेच जास्त. पाच चमचे १८४६ नंतरचे आणि १८५२ च्या आसपासपर्यंतचे.

सहावा मी मुद्दाम शेवटी घेतला. त्याचा ठसा जरा बरा होता, तरी मी तो आधी नीट वाचलाच नव्हता, कारण सहाही एकच आहेत हे मनात पक्कं होतं. त्यावर 'श्रीव्ह, स्टॅनवुड' स्पष्ट होतं. म्हणजे १८६० ते १८६९. तीच पेढी, दहा-वीस वर्षांनंतर.

मग आद्याक्षरं पुन्हा बघितली. पाच चमच्यांवरच्या ई ला शेवटी बारीक आकडी आहे, कोरणाऱ्यानं हात उचलता उचलता दिलेली. सहाव्यावर आकडी आहे पण बिचकत काढलेली, खोल, आणि दोनदा ओढलेली. कुणीतरी जुना चमचा समोर ठेवून नक्कल केली आहे. घरात सहा होते, एक हरवला, तेव्हा त्याच दुकानात जाऊन जोडीला जोड करून आणली. दुकानाचं नाव बदललेलं, चमचा तीन ग्रॅमनं जड, पण घडण ओळखीची. वाटीच्या झिजेवरूनही हे जुळतं. उजव्या हातानं खाणारा माणूस कपाचा तळ खरवडतो तेव्हा चमच्याच्या टोकाची डावी कड झिजते. पाचांची ती कड स्पष्ट तिरकी झाली आहे, सहाव्याची जेमतेम.

टंच, आणि एक न सुटणारा प्रश्न

आप्पांच्या समाधानासाठी टंचही काढून घेतला. कस लावायचा तर चांदी खरवडावी लागते, आम्ल लावावं लागतं, ते मला नको होतं. जवळच्या गावातल्या जवाहिऱ्याकडे क्ष-किरणांनी धातू मोजायचं यंत्र आहे. पाचांचे आकडे ८९८ ते ९०२ च्या दरम्यान, सहाव्याचा ९०१. सोन्याचा अंशही दाखवला, एका टक्क्याचा दहावा भाग म्हणावा इतका. हा अंश चांगली खूण आहे. जुन्या पद्धतीनं गाळलेल्या चांदीत थोडं सोनं राहून जायचं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विजेनं शुद्ध करायची रीत रुळली आणि ते नाहीसं होत गेलं. डेलावेअरमधल्या विंटरथर संग्रहालयाची प्रयोगशाळा खऱ्याखोट्या चांदीचा निवाडा करताना असेच अंश तपासते.

आकडे ऐकून आप्पा म्हणाले, "वरचा टंच हाय तो. उजळलेल्या मालाचं कातडं जास्तच बोलतंय." बरोबर आहे. चांदी तापवून आम्लात टाकली की पृष्ठभागावरचं तांबं निघून जातं आणि यंत्राला वरची कातडी आतल्यापेक्षा शुद्ध दिसते. पण इथे फरक पडत नव्हता. ९०० चा दावा आणि ९०० च्या आसपासचा आकडा. पंधरा-वीसनं कमी आला असता तर दुकानदाराच्या शब्दाकडे वेगळ्या नजरेनं बघितलं असतं.

राहिला आजींचा पहिला प्रश्न. चमचे कुणी घडवले?

इथे मला हात आखडता घ्यावा लागला, आणि हे सांगताना आजी थोड्या हिरमुसल्या. ठशावरचं नाव पेढीचं आहे. १८३० च्या पुढे अमेरिकेत चमचे घडवणारे आणि विकणारे वेगळे होत गेले. न्यूयॉर्कच्या विल्यम गेलनं १८२६ मध्येच नक्षीचे चमचे फिरत्या रुळांमधून दाबून काढायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं होतं. एकदा यंत्र आलं की एकच कारखाना दहा गावांतल्या दुकानांना माल पुरवतो, आणि प्रत्येक दुकान त्यावर आपलं नाव मारतं किंवा कारखान्याकडूनच मारून घेतं. गावोगावच्या सराफांच्या नावाच्या डब्यांतून हुपरीचे पैंजण जातात, त्यात वेगळं काय?

आजींना पटावं म्हणून मी टेनिसचा दाखला दिला. १९०० सालचा डेव्हिस चषक श्रीव्ह, क्रंप अँड लो यांच्याकडून घेतला, म्हणजे या चमच्यांच्याच पेढीच्या पुढच्या पिढीकडून. घडवला मात्र न्यू हॅम्पशायरमधल्या काँकर्डच्या विल्यम डर्गिनच्या कारखान्यानं. इतक्या मोठ्या चषकाची ही कथा, तर चहाच्या चमच्यांचं काय. घडवणाऱ्यानं स्वतःची बारीक खूण कुठे मारली असेल म्हणून सहाही चमच्यांच्या दांड्या खालपासून वरपर्यंत भिंगाखालून घातल्या. पाचव्याच्या खांद्यापाशी एक ओरखडा सापडला, तो ओरखडाच होता.

विम्याच्या यादीसाठी मी लिहून दिलं ते असं: "चहाचे चमचे पाच, नाण्याच्या टंचाची चांदी, विक्रेते जोन्स, बॉल अँड पूअर, बॉस्टन, सुमारे १८४६ ते १८५२. जोडीचा सहावा, विक्रेते श्रीव्ह, स्टॅनवुड अँड कंपनी, १८६० चं दशक. चमचे दोन, स्टर्लिंग, टोल, पॉल रिव्हिअर नमुना, १९०६ किंवा नंतर. चमचा एक, स्टर्लिंग, गोरहॅम, शांतिली नमुना, १८९५ किंवा नंतर. चमचा एक, मुलाम्याचा."

किमतीचा रकाना रिकामा ठेवला. असे साधे चहाचे चमचे बहुतेक वेळा मोडीच्या भावाच्या फार वर जात नाहीत, हे मी आजींना तोंडी सांगितलं. त्यांनी मान हलवली. त्यांना सहाव्या चमच्यातच जास्त रस होता. कुणी हरवला असेल आधीचा, हे त्या दोनदा म्हणाल्या.

नंतर त्यांनी आजीचं ते कार्ड उलटं केलं, मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलनं 'नमुन्याचं नाव' असं लिहिलं आणि टोलच्या दोन चमच्यांबरोबर फ्लॅनेलच्या कापडात गुंडाळलं. सहा चमचे मात्र डब्यात परत गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला चहाला बोलावलं, तेव्हा माझ्या बशीत जो होता तो जरा जड लागला.